माहुलची हवा, थरचं पातं

जैसलमेरच्या पुढे वाळूत चार दिवस काढायचे तर सुरी कोणती न्यावी? मुलुंड-बोरिवलीकडच्या भटक्यांच्या टोळक्यात हा विषय निघाला की पात्याची लांबी, जपानी पोलाद, स्वीडिश मूठ अशी चर्चा रंगते, आणि ज्याने सगळ्यात महाग सुरी घेतलेली असते त्याचंच शेवटी खरं ठरतं. माझ्या मते ह्या प्रश्नाचा उलगडा दुकानात होत नाही. त्यासाठी माहुलच्या धक्क्यावर जावं.

चेंबूरच्या दक्षिणेला, एका अंगाला तेलशुद्धीकरणाचे कारखाने, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे जुना कोळीवाडा, असं हे गाव. ओहोटी लागली की शिवडीच्या दिशेने मैलोगणती चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्यापासून त्यावर रोहित पक्ष्यांचे थवे चरत असतात. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त. वाळवंटाचा अभ्यास करायला ह्याहून उफराटी जागा सापडणार नाही, आणि म्हणूनच ती कामाची आहे. धक्क्यावर एक लोखंडी खिळा ठेवा, दोन-तीन दिवसांत त्याच्यावर तांबूस फुलं येतील. तोच खिळा थरच्या वाळूत टाका, उन्हाळाभर चकचकीत राहील. आता ओला रुमाल घ्या. माहुलला तो तासन्‌तास दमट राहतो, तिकडे बघता बघता वाळून कडक होतो. रुमालाचं आणि खिळ्याचं असं उलटंपालटं वागणं एकाच गोष्टीमुळे होतं, ती म्हणजे हवेतली वाफ. वाळवंटात माणसाचं काय होणार आणि त्याच्या सुरीचं काय होणार, दोन्ही तीच ठरवते.

आकडे घेऊ. मे महिन्यातल्या दुपारी माहुलला ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरली तर एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम वाफ असते. त्या तापमानाला हवा आणखी तेरा-चौदा ग्रॅम वाफ घेऊ शकते, मग पोट भरलं. जैसलमेरला ४५ अंश आणि बारा टक्के धरा. वाफ आठेक ग्रॅम, आणि आणखी ५७ ग्रॅमांना जागा मोकळी. चौपटीहून जास्त तहानलेली हवा. ती समोर दिसेल त्याचं पाणी पिते: मातीचं, पानाचं, डोळ्यांचं, ओठांचं.

शरीराच्या दृष्टीने ही एकाच वेळी कृपाही आहे आणि लूटही. माणूस नुसता बसला तरी शंभरेक वॅट उष्णता तयार करतो, चालायला लागला की तीनशेच्या वर. हवा अंगापेक्षा थंड असते तोवर ही उष्णता आपोआप निघून जाते. पारा ३५-३६ च्या वर गेला की उलटं होतं, हवाच अंगाला तापवायला लागते, आणि मग एकच वाट उरते: घाम येणं आणि तो वाळणं. एक लिटर घाम पुरता वाळला की जाताना २,४३० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ही किती? साठ किलोच्या माणसाचं तापमान अकरा अंशांनी वाढेल इतकी. म्हणजे उन्हात चालणारा माणूस तासाला लिटरभर घाम गाळतो तेव्हा त्याचं शरीर दर तासाला एक मरण टाळत असतं, आणि त्याला त्याची खबरही नसते.

माहुलला हा घाम वाळायला जागाच नाही. तो टपकतो, आणि टपकलेला घाम फुकट गेला, कारण गार करतं ते वाळणं. म्हणून दमट किनाऱ्यावर ऊन मारतं ते पारा फार न चढताही मारतं. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण दगावले, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. वाळवंटात फसगत वेगळी असते. तिथे घाम फुटतो आणि त्याच क्षणी उडतो. अंग कोरडं ठणठणीत, माणूस म्हणतो मला तर घामच येत नाही. संध्याकाळी सदऱ्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात तेव्हा कळतं, दिवसभरात काय गेलं ते.

हा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला तो एडवर्ड अ‍ॅडॉल्फ ह्या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने. दुसऱ्या महायुद्धात सैन्य आफ्रिकेच्या वाळूत लढायला जाणार होतं, तेव्हा त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांना चालवून, बसवून, तोलून पाहिलं. १९४७ साली त्याचं पुस्तक निघालं. त्यातली एक सारणी पुढे जगभरच्या लष्करी पुस्तिकांत गेली. दिवसाचा पारा ४९ अंशांना भिडत असेल, तुम्ही सावलीत गप्प बसला असाल आणि जवळ पाण्याचा थेंब नसेल, तर अंदाजे दोन दिवस. आता जवळ साडेनऊ लिटर पाणी आहे असं समजा. तर किती? तीन दिवस. मी हा आकडा प्रथम पाहिला तेव्हा छपाईची चूक वाटली. चूक नाही. साडेनऊ लिटर पाण्याने एक दिवस मिळतो, कारण त्या हवेत शरीर नुसतं बसूनही तेवढं पाणी उधळत असतं. राजस्थानातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले, म्हणजे ही काही दूरदेशीची गोष्ट नव्हे.

अ‍ॅडॉल्फने आणखी एक समजूत मोडली, पाणी पुरवून पुरवून प्यायची. घोट घोट वाचवल्याने घाम कमी होत नाही, बाटलीत पाणी शिल्लक ठेवून माणसं कोसळतात. पाणी पोटात असावं. कमी करायचा तो घाम. आणि इथे सामानाच्या निवडीचं सूत्र हाती येतं. वाळवंटात नेलेली प्रत्येक वस्तू एका तराजूत घालायची: ती वागवायला आणि वापरायला किती घाम लागतो, आणि ती किती घाम वाचवते. सुरीसुद्धा ह्याच तराजूत.

आता पुन्हा माहुलला, कारण खाडीत एक वाळवंट लपलेलं आहे. भरतीला इथे नजर पोचेल तिथवर पाणी असतं आणि त्यातलं ओंजळभरही पिता येत नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. आपल्या मूत्रपिंडाची ताकद लिटरमागे वीसेक ग्रॅम मीठ बाहेर टाकण्याची. म्हणजे एक लिटर समुद्र प्यायला तर त्यातलं मीठ काढायला दीड-पावणेदोन लिटर पाणी खर्ची घालावं लागतं, आणि वरचं पाणी शरीराने स्वतःच्या गाठीचं द्यायचं. कोळी होडीत आधी गोड्या पाण्याचा कॅन चढवतो, मग जाळं, ते उगीच नाही.

चिखलात उभ्या तिवराची अडचण नेमकी हीच आहे. मुळं पाण्यात बुडलेली आणि झाड तहानलेलं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिम्पर ह्याने १८९८ साली ही अवस्था ओळखली होती: पाणी हजर आहे पण झाडाला ते ओढता येत नाही, म्हणून झाडाच्या लेखी ती जमीन कोरडीच. समुद्राचं पाणी मिठापासून सोडवून आत ओढायचं तर पंचवीस वातावरणांच्या दाबाहून जास्त ओढ लावावी लागते. मोटारीच्या टायरात जेमतेम दोन-अडीच वातावरणं असतात, त्यावरून अंदाज करा. १९६५ साली शोलँडर ह्या शास्त्रज्ञाने पानांच्या देठातली ही ओढ प्रत्यक्ष मोजली. गोड्या पाण्यावरच्या ओलसर रानात ती थोडकी निघाली. आणि तीसच्या वर कुठे निघाली? खारफुटीत आणि वाळवंटातल्या झुडपांत, दोन्हीकडे. त्या मापनयंत्राला खाडी आणि वाळवंट ह्यांतला फरक कळला नाही म्हणा ना.

तिवराचं पान हातात घेऊन बघा. जाड, वरून चिवट आणि मेणचट, खालून पांढुरकं. जिभेला लावलं तर खारट, कारण मुळांनी अडवूनही आत घुसलेलं थोडं मीठ ते पानावरल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं, सकाळी त्याचे कण चमकतात. वाळवंटातल्या कैराने तर पानंच जवळजवळ सोडून दिली आहेत. दोघांचा धडा एक: पाणी मिळवण्यापेक्षा आधी झाकून घ्या.

माणसाच्या बाबतीत ह्या झाकण्याचं उत्तर महाराष्ट्रात फार जुनं आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तिथून पूर्वेला शंभर-दीडशे किलोमीटरवर दहिवडी, म्हसवड, आटपाडीकडे पाचशेच्या आसपास. हा माणदेश. थर नव्हे, पण ज्येष्ठात पाऊस लांबला की फरक शोधावा लागतो. इथला धनगर मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने चालतो, दिवाळीनंतर कित्येक कळप घाट उतरून कोकणच्या दमट हवेतही जातात. म्हणजे दोन्ही हवा ज्याने अंगावर घेतल्या असा हा माणूस. त्याच्या खांद्यावर काय असतं? काळी घोंगडी.

शाळेत शिकलेलं विज्ञान इथे अडखळतं. काळा रंग उष्णता शोषतो ना? मग उन्हात हिंडणाऱ्याने काळी लोकर का घ्यावी? हाच प्रश्न वाळवंटातल्या बेदुइन लोकांच्या काळ्या अंगरख्यांबद्दल विचारला गेला आणि १९८० साली ‘नेचर’ नियतकालिकात त्याचं उत्तर छापून आलं. श्कोलनिक आणि सहकाऱ्यांनी नेगेवच्या वाळवंटात ऐन दुपारी एका माणसाला आळीपाळीने काळा अंगरखा, पांढरा अंगरखा, खाकी गणवेश आणि नुसती अर्धी चड्डी घालून उन्हात उभं केलं आणि त्याच्या अंगात किती उष्णता शिरते ते मोजलं. काळा कपडा पांढऱ्यापेक्षा तापला, बराच तापला. पण कातडीपर्यंत पोचलेली उष्णता दोन्हींत सारखीच! कपडा सैल होता. तापलेल्या काळ्या कापडाने आतली हवा वर ढकलली, ती गळ्याशी बाहेर पडली, खालून दुसरी आत आली, आणि जास्तीची उष्णता कातडीला शिवायच्या आत वाऱ्यावर गेली. रंगापेक्षा सैलपणा महत्त्वाचा. अंगाला चिकटणारा महागडा टी-शर्ट घालून वाळूत जाणाऱ्यांनी ह्यावर जरूर विचार करावा.

घोंगडी अंगाला चिकटत नाही. दख्खनी मेंढीची लोकर भरड, विणून झाल्यावर वरून चिंचोक्याची खळ दिलेली, त्यामुळे ती खांद्यावरून ताठ सुटते आणि आत हवेला वाट राहते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा वाफ शोषूनही ओली लागत नाही. दुपारी काठी-झुडपावर टाकून सावली, रात्री पांघरूण, पावसात खोळ. वाळवंटाची रात्र गार असते, कारण दिवसभराची उष्णता अडवून ठेवणारी वाफ तिथे हवेत नसते, ती सरळ आकाशात निघून जाते. पुन्हा तीच वाफ. घोंगडीचा दोष म्हणजे वजन, आणि मी स्वतः थरला निघालो तर सैल सुती सदरा, डोक्याला पागोट्यासारखं लांब फडकं आणि रात्रीसाठी एक हलकी घोंगडी असा समझोता करीन.

बाकीचं सामान भरभर उरकू. पाण्याचे कॅन, एकच मोठा नव्हे तर दोन-तीन, म्हणजे एक फुटला तरी सगळं जात नाही. मीठ-साखरेची पुडी, कारण घामातून मीठही जातं आणि नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस त्यानेही पडतो. तळहाताएवढा आरसा: सूर्याचा कवडसा स्वच्छ हवेत मैलोन्‌मैल दिसतो, किंमत चहाइतकी, घाम शून्य. सावलीला चादर, आणि ती दुहेरी बांधता आली तर उत्तम, दोन थरांमधली हवा वरचा ताप खाली येऊ देत नाही. काटे काढायला चिमटा, कारण बाभळीचा आणि बोरीचा काटा सुरीने काढायला गेलात तर पायाचं दुखणं वाढवून ठेवाल.

आणि प्लास्टिकचा कागद? जगण्याच्या पुस्तकांत हटकून चित्र असतं: खड्डा खणा, मधे भांडं ठेवा, वर कागद ताणा, मधोमध खडा ठेवा, जमिनीतली वाफ कागदावर जमून भांड्यात ठिबकेल. १९६५ साली जॅक्सन आणि व्हान बाव्हेल ह्यांनी ‘सायन्स’मध्ये ही युक्ती मांडली. पदार्थविज्ञान चोख आहे, मनाला भुरळ घालणारं आहे. पण तराजूत घाला. दिवसाकाठी फार तर लिटर-दीड लिटर, कोरड्या वाळूत त्याहून कमी, आणि खड्डा खणायला तासभर लागला तर तेवढाच घाम आधीच गेला. कागद न्या, पण सावलीसाठी.

आता पातं.

सुरीने वाळवंटात करायचं असतं तरी काय? दोर कापणं, फडकं फाडणं, सावलीच्या दोन काठ्या छिलणं, कांदा चिरणं, सरपण बारीक करणं, ठिणगी पाडणं. अस्वलाशी झुंज त्यात नाही. १९८२ साली ‘फर्स्ट ब्लड’ हा रॅम्बोचा पहिला सिनेमा आला आणि पोकळ मुठीच्या, दातेरी पाठीच्या भल्यामोठ्या सुऱ्यांची जगभर लाट आली. मुठीत काडेपेटी, गळ, होकायंत्र. मूठ पोकळ म्हणजे पातं तिच्या तोंडाशीच संपलं, आणि जोर लावला की नेमकं तिथेच तुटणार. पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असावं, दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या रिव्हेटने ठोकलेल्या, आपल्या साध्या स्वयंपाकघरातल्या जुन्या सुरीसारख्या. लाकडाच्याच, कारण उन्हात पडलेली धातूची मूठ हाताला चटका देते. घडीचा चाकू नको: त्याच्या सांध्यात वाळू गेली की तो ना धड उघडत ना मिटत.

वाळूचं आणखी एक वैर आहे. थरची वाळू बव्हंशी क्वार्ट्‌झची, म्हणजे गारगोटीची. गारगोटी कडक केलेल्या पोलादाहूनही थोडी कठीण असते, ती पात्यावर ओरखडे काढते, धार खाते. माहुलच्या चिखलात सुरी पडली तर फक्त धुवायची असते, वाळूत पडली तर पुसताना जपायचं असतं. म्हणून म्यान चामड्याचं, घट्ट, आणि वापर झाला की सुरी लगेच म्यानात.

पण गंमत अशी की ह्याच वैराने विस्तव पेटतो. गारगोटीच्या धारेवर पोलाद जोरात घासलं की गारगोटी त्याचा एक अतिसूक्ष्म कीस काढते. कीस निघताना तापतो, आणि एवढ्याशा कणाला चहूबाजूंनी हवा भिडल्यामुळे लोखंड तिथल्या तिथे जळतं. ठिणगी म्हणजे जळतं लोखंड. दगड जळत नाही, तो फक्त सुतार. धनगराच्या बटव्यात चकमक असायची ती अशी, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांतून सुटलेल्या गारगोट्या वाटेवर सांडलेल्या असतात, विकत घ्यायच्या नाहीत.

आता माहुलच्या धक्क्यावरचा तो गंजका खिळा आठवा. गंज म्हणजे काय? लोखंडाचा प्राणवायूशी संयोग, पाण्याच्या साक्षीने, सावकाश. खाऱ्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो म्हणून खाडीकाठी त्याला वेग येतो, आणि मीठ हवेतली वाफ स्वतःकडे ओढून पातं कायम दमट ठेवतं. ठिणगी म्हणजे तोच संयोग, क्षणार्धात. गंजाला दिवस लागतात, ठिणगीला सेकंदाचा तुकडा, पण लोखंडाची ओढ तीच. मला ह्यातलं नवल आजही ओसरत नाही: जी सुरी माहुलला लवकर गंजते तीच थरला विस्तव देते, आणि एकाच स्वभावामुळे.

ह्या स्वभावाला लगाम घालणारं पोलादही निघालं. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने लोखंडात बारा-तेरा टक्के क्रोमियम मिसळलं. क्रोमियम प्राणवायूशी लोखंडाच्या आधी जोडी जमवतं आणि पृष्ठभागावर ऑक्साइडचा इतका पातळ पापुद्रा धरतं की तो डोळ्यांना दिसत नाही. ओरखडा पडला तरी तो आपोआप पुन्हा धरतो. मासे कापायला, खाडीत वागवायला असं स्टेनलेस पातं सोयीचं, जरी समुद्राच्या मिठातले क्लोराइड त्यालाही कालांतराने बारीक खड्डे पाडतातच. पण जे गंजायला नाखूष ते पेटायलाही नाखूष. स्टेनलेस पात्याला गारगोटी घासून बसा, ठिणगी पडली तर नशीब. साधं कार्बन पोलाद, ज्यात पाऊण-एक टक्का कार्बन आणि बाकी जवळपास सगळं लोखंड, ते माहुलला रोज तेल मागतं आणि थरला काहीच मागत नाही. कोरड्या हवेत त्याचा सगळ्यात मोठा दोष नाहीसा होतो आणि गुण तेवढे उरतात: चांगली धार, दगडावर सहज लागणारी धार, आणि ठिणगी.

न्याय म्हणून सांगितलं पाहिजे की आता लायटर आहे, आणि आउअर फॉन वेल्सबाख ह्याने १९०३ साली पेटंट घेतलेली लोखंड-सिरियमची कांडीही आहे. त्या कांडीत ठिणगी कांडीचीच पडते, पोलाद फक्त खरवडतं, त्यामुळे स्टेनलेसची पाठही चालते. ज्याला कांडी नक्की हरवणार नाही असा भरवसा आहे त्याने खुशाल स्टेनलेस न्यावं. मला माझ्याबद्दल तो भरवसा नाही.

असं पातं करतं कोण? गावोगाव फिरणारे घिसाडी, रस्त्याकडेला भाता लावून बसणारे लोहार, राजस्थानातून गाडे घेऊन आलेले गाडिया लोहार. त्यांचा आवडता माल म्हणजे ट्रकच्या कमानीचा जुना पाटा. लाखो खड्डे खाऊनही न मोडलेलं स्प्रिंगचं पोलाद, त्यात अर्धा-पाऊण टक्का कार्बन. विदर्भात नायकुंडला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, ती अडीच हजार वर्षांहून जुनी. तिथपासून भट्टी, ऐरण, घण आणि सांडशी ह्यांत फारसा बदल नाही.

घडवून झालं की लोहार पात्याला पाणी देतो, आणि तिथे जे घडतं ते डोळ्यांदेखत घडणारं अणुविज्ञान आहे. पातं लाल-केशरी होईतो तापवलं की, आठशे अंशांच्या आसपास, लोखंडाचे अणू आपली मांडणी बदलतात, आणि नव्या मांडणीत कार्बनला शिरायला जागा होते. आता पातं सर्रकन तेलात किंवा पाण्यात. अणूंना जुन्या जागी परतायचं असतं, पण कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, मांडणी ताणली जाते, आणि त्या ताणात कठीणपणा येतो. इतका की पातं दगडावर पडलं तर काचेसारखं फुटेल. म्हणून पुन्हा हलकंसं तापवायचं. किती, हे लोहार थर्मामीटरने मोजत नाही, रंगाने ओळखतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर आधी गवती पिवळा रंग येतो, तो सव्वादोनशे अंशांच्या आसपास. मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशेला निळा. पिवळ्यावर थांबलं तर वस्तरा, निळ्यावर गेलं तर स्प्रिंग. सुरी मधे कुठेतरी. आणि हे रंग येतात कुठून? पोलादावर धरणाऱ्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे, तो जाड होत जातो तसा परतणाऱ्या उजेडाचा रंग बदलतो. पुन्हा प्राणवायू. गंज, ठिणगी आणि हे रंग, लोखंड हवेशी जे काही करतं त्याच्या ह्या तीन चाली, आणि लोहाराने तिसरी चाल वाचायला शिकून घेतली.

लांबी किती? दोर आणि कांद्यासाठी दहा-बारा सेंटिमीटर पुष्कळ, जाडी तीन-चार मिलिमीटर. आपल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं घरगुती वा शेतीकामाचं नसेल तर शस्त्रांत मोडतं, तेव्हा रॅम्बोची हौस पोलीस ठाण्यातही महाग पडू शकते. जाड फांद्या तोडायच्या असतील तर मोठी सुरी हाणत बसण्यात घाम फार जातो. धनगराकडे त्याचंही उत्तर आहे: आकडी. लांब बांबूच्या टोकाला विळ्यासारखं वाकडं पातं. उभ्या जागेवरून बाभळीची फांदी खाली ओढून कापायची, काट्यांत शिरायचं नाही, हात वर धरून झोडायचं नाही, झटका मनगटाचा नाही तर शरीराच्या भाराचा. अ‍ॅडॉल्फच्या तराजूत ही आकडी घातली असती तर बाजारातल्या निम्म्या ‘सर्व्हायव्हल’ सुऱ्या वर उडाल्या असत्या.

सुरी घ्यायला लोहाराकडे जाल तेव्हा खिशात एक गारगोटी आणि एक कानस न्या. पात्याची पाठ काटकोनी धारेची आहे ना ते बघा, गोल केलेली असेल तर ठिणगीला ती कुचकामाची. कानस धारेवर हलकेच फिरवा: सरकली तर पाणी बरोबर बसलंय, चावली तर पातं मऊ आहे. मग सावलीत जाऊन पाठ गारगोटीवर सपकन ओढा. केशरी ठिणग्या उडाल्या, फुटून बारीक फुलं झाली, की समजा कार्बन आहे. पसंती मात्र चेहऱ्यावर दिसू देऊ नका, अजून भाव ठरायचा आहे.